प्रभुभोजनाला डोक्यावर पदर: आपण घेतलेला आणि दुसऱ्याने घातलेला

वानवडीची
सलाम. तीन आठवडे हा विषय मनात घोळतो आहे. घरात बोलून झालं, समाधान झालं नाही, म्हणून इथे लिहिते. इथे ख्रिस्ती वाचक कमी आहेत हे माहीत आहे, पण पदर सगळ्यांच्याच घरातला आहे, तेव्हा सगळ्यांनीच बोला.

आधी झालं ते सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. माझी लेक सतरा वर्षांची, बारावीला आहे. क्लासच्या परीक्षांमुळे महिनाभर देवळात आली नव्हती. त्या रविवारी मी न सांगता स्वतःहून तयार झाली. अंगात कुर्ता आणि जीन्स, ओढणी नव्हती. मी साडीत, डोक्यावर पदर. रांगेतून पुढे जाताना, दारापाशी स्वागताला असतात त्या एक मावशी मागून आल्या आणि काही न बोलता त्यांनी तिच्या डोक्यावर एक ओढणी टाकली. पांढरी, जॉर्जेटची, कडेला बारीक लेस. कपाळापर्यंत ओढली, खांद्यावर नीट केली आणि परत जागेवर गेल्या. लेक थबकली. ओढणी तिने काढली नाही, पण पुढेही गेली नाही. रांगेतून बाहेर पडली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला, पण लक्ष सगळं मागे होतं.

घरी येताना स्कूटरवर तिने एकच विचारलं, "आई, मी प्रार्थना करत होते ते त्यांना दिसलं नाही का गं?"

मी पदर घेते तो कोणाच्या धाकाने नाही. लहानपणी आज्जीच्या शेजारी गुडघे टेकायचे तेव्हापासून बघत आले आहे. भाकर घ्यायला दोन्ही तळवे पुढे करावे लागतात, एकावर एक, आणि मग पदर धरायला हात उरत नाही. नायलॉनची साडी असली की पदर हमखास घसरायचा. तेव्हा शेजारची बाई, ओळखीची असो वा नसो, हळूच तो वर ओढून द्यायची. आज्जी मान वळवायची नाही, आभार मानायची नाही. दोघी उठून आपापल्या बाकावर जायच्या. देवळातली माझी सगळ्यात आवडती आठवण हीच आहे.

म्हणूनच मला कळत नाहीये. मावशींचा हात आणि त्या शेजारणीचा हात एकच होता का?

वचन मी पुन्हा वाचलं. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेलं, अध्याय ११. पाचव्या वचनात पौल म्हणतो, जी स्त्री उघड्या मस्तकाने प्रार्थना करते किंवा संदेश देते ती आपल्या मस्तकाचा अपमान करते. म्हणजे करिंथच्या मंडळीत बाई उभी राहून सगळ्यांसमोर बोलत होती, ते पौलाने धरूनच चाललं आहे. आमच्याकडे या वचनातला पदर सगळ्यांना पाठ आहे, बोलणारी बाई मात्र कोणाला आठवत नाही. गेल्या वर्षभरात आमच्या वेदीवरून वाचन करायला किती बायकांना बोलावलं, ते मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते.

तुमच्याकडे कसं आहे? आणि लेकीला मी काय सांगू?

कँपातली
मी कॅथलिक, वय अडुसष्ट. माझं पहिलं कम्युनियन १९६४ सालचं. तेव्हा डोकं उघडं ठेवून आत जाणं हा विचारच कोणाच्या मनात यायचा नाही. बायका डोक्यावर लेसची जाळी घ्यायच्या, मम्मीची काळी, माझी पांढरी. मम्मीच्या पर्समध्ये ती एका छोट्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी करून असायची, आणि त्याला कापराचा वास यायचा. एखादी मुलगी विसरली तर तिच्या डोक्यावर चार बोटांचा हातरुमाल पिनेने टोचायचे. डोकं झाकल्यासारखं ते काही दिसायचं नाही, पण नियम पाळला जायचा.

नियम खरोखर लिहिलेला होता. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात, कलम १२६२: पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं, बायकांनी झाकावं. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ ला संपली आणि त्यानंतर ही प्रथा हळूहळू गळून गेली. १९७६ मध्ये रोमहून आलेल्या एका पत्रकात स्पष्टच म्हटलं की डोकं झाकण्याची पौलाची सूचना त्या काळच्या रीतीतली होती, तिचं बंधन आता नाही. १९८३ चा नवा कायदा आला त्यात ते कलमच नाही.

पण आमच्या चर्चमध्ये कोणी उभं राहून हे जाहीर केल्याचं मला आठवत नाही. एका रविवारी कोणाची तरी आंटी जाळीशिवाय आली. पुढच्या रविवारी तिघी. दोनेक वर्षांत आम्ही सगळ्या. मम्मीने मात्र शेवटपर्यंत घेतली, आणि ती गेली तेव्हा आम्ही तीच जाळी तिच्या केसांवर घातली. मला एवढंच म्हणायचं आहे की आमच्याकडे घेणारी आणि न घेणारी वीस वर्षं एकाच बाकावर बसली, आणि कोणी कोणाच्या डोक्याला हात लावला नाही.

गोव्याकडच्या जुन्या बायका चर्चला जाताना 'ओल' म्हणून पांढरं वस्त्र डोक्यावरून घ्यायच्या, तेही आता फोटोतच राहिलं आहे.

देहूरोडकर
ताई, सलाम. मी ब्रदरन सभेतला, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथातला आहे. आमच्याकडे सर्व बहिणी सभेत मस्तक झाकतात, लहान मुलीसुद्धा. मी आपल्याशी प्रेमाने असहमत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'ती त्या काळची रीत होती' असे म्हणणारे हे विसरतात की पौल करिंथच्या बाजारातल्या रीतीचा दाखला देत नाही. तो उत्पत्तीपर्यंत मागे जातो, सृष्टीच्या क्रमाचा दाखला देतो आणि दहाव्या वचनात देवदूतांचा उल्लेख करतो. देवदूत करिंथपुरते नव्हते. दुसरे असे की याच अकराव्या अध्यायात, तेविसाव्या वचनापासून, प्रभुभोजनाची स्थापना सांगितली आहे. आपण दर रविवारी भाकर मोडताना तीच वचने वाचतो. एकाच अध्यायाचा उत्तरार्ध सर्वकाळासाठी आणि पूर्वार्ध त्या काळापुरता, हे कोणत्या आधारावर ठरवायचे?

माझी पत्नी सभेतच नव्हे, घरीही प्रार्थनेच्या वेळी मस्तक झाकते. स्वयंपाक सुरू करण्यापूर्वी ती ओट्यापाशी उभी राहून प्रार्थना करते. पदर कमरेला खोचलेला असेल तर हात पुसायचे फडके डोक्यावर घेते. एकतीस वर्षे मी हे पाहतो आहे. तिला कोणी जुलूम केलेली स्त्री म्हटले तर मला वाईट वाटते.

ज्या बहिणीने ओढणी टाकली तिने घाई केली, हे मात्र मान्य करतो. आधी बोलायला हवे होते.

वानवडीची
@देहूरोडकर, काका, तुमचं लिहिणं मनापासून आवडलं. फडक्याचं वाचून मी थांबलेच. जुलूम हा शब्द मी वापरलेला नाही आणि वापरणारही नाही.

एकच विचारते. याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल म्हणतो, पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा. ते तर आपण कोणीच करत नाही. हात जोडतो, नाहीतर हात मिळवतो.

देहूरोडकर
ताई, प्रश्न योग्य आहे. तिथे भाव राखून रूप बदलले, हे मी नाकारत नाही. पण तिथे पौलाने देवदूतांचे कारण दिलेले नाही. मी इथेच थांबतो.

जुनी_पेठ
काकांच्या मुद्द्याला धरून, पण दुसऱ्या बाजूने.

आमच्या घरात पणजोबांचा एक फोटो आहे. नगर जिल्ह्यातले, मिशनच्या शाळेत मास्तर होते. खुर्चीवर बसलेले, डोक्यावर पागोटं, मांडीवर बायबल. शेजारी पणजी उभी, नऊवारीत, डोक्यावर पदर. घरात सांगतात की ख्रिस्ती झाल्यावर देवळात जाताना पणजीला काहीच बदलावं लागलं नाही. तिचा पदर आधीपासून होताच. पणजोबांना मात्र दारात पागोटं उतरवावं लागे आणि ते त्यांना वर्षानुवर्षं जड गेलं. आपल्याकडे बोडक्या डोक्याने कोण हिंडतं? ज्याच्या घरी सुतक आहे तो. पागोटं उतरवणं म्हणजे अब्रू उतरवणं, आणि कोणाच्या पायावर पागोटं ठेवणं म्हणजे शेवटची विनवणी. ते पागोटं हातात धरून पणजोबा उपासनेला बसायचे.

करिंथमध्ये नेमकं हेच होतं. ते शहर रोमन वसाहत होतं, इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने पुन्हा वसवलेलं. रोमन पुरुष देवाला बळी अर्पण करताना अंगावरच्या टोगा या वस्त्राची कड डोक्यावरून ओढून घ्यायचे. करिंथच्या उत्खननात सम्राट ऑगस्टसचा पुतळा सापडला आहे, तो असाच डोक्यावर वस्त्र घेतलेला. म्हणजे डोकं झाकून देवापुढे उभा राहणारा मानाचा पुरुष त्या गावाच्या ओळखीचा होता. पौल चौथ्या वचनात आधी त्या पुरुषाशी बोलतो: तू झाकू नकोस. आमच्या पणजोबांना सोसावं लागलं ते हे वचन. पण आपल्याकडची सगळी प्रवचनं पाचव्या वचनापासून सुरू होतात.

मला वाटतं मराठी ख्रिस्ती माणसाच्या डोक्यावर पौलाने जो बदल केला तो पुरुषाच्या. बाईचा पदर आपण घरूनच नेला आणि नंतर त्याला वचन जोडलं.

मुळशीची_सून
मी ख्रिस्ती नाही, पण राहवलं नाही. आमच्याकडे मराठ्यांच्या घरात पदर सासरे, दीर, गावातली मोठी माणसं यांच्यापुढे. मी पुण्यात नोकरी करते, ड्रेस घालते, आणि गावाची कमान आली की गाडीतच ओढणी डोक्यावर घेते. सासूबाई म्हणतात तुझ्या मनावर आहे. पण न घेऊन चालत नाही हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

एक फरक मला जाणवला. माझा पदर माणसांसाठी आहे. मी एकटी देवघरात बसते तेव्हा माझं डोकं उघडंच असतं. तुमच्या आज्जीचा पदर देवासाठी होता. मग माणसाने तो तपासायला यावा कशाला?

केडगाव_माहेर
'वचन जोडलं' वर मला बोलायचं आहे, कारण पुण्यात सगळ्याच घरांतून पदर सारखा आला नाही.

माझ्या आईच्या बाजूचं घराणं ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेलं. जुन्या ब्राह्मण घरांत सुवासिनीचा खोपा उघडा असायचा, त्यात फूल असायचं. डोक्यावरून कायम पदर असायचा तो केशवपन केलेल्या विधवेच्या, आलवणाचा, म्हणजे विधवेने नेसायच्या तांबड्या लुगड्याचा. आईची आजी देवळात डोक्यावर पदर घ्यायला अनेक वर्षं तयार नव्हती. नवरा जिवंत असताना हे अभद्र मी करणार नाही, म्हणायची. पाळकबाईंनी तिला कधी आग्रह केला नाही, हे आई फार आदराने सांगायची.

आता सहावं वचन बघा. स्त्री मस्तक झाकत नसेल तर तिने केसही कापावेत, आणि केस कापणं वा मुंडण करणं लज्जास्पद असेल तर झाकावं. हे वाक्य लंडनमध्ये वाचणं वेगळं आणि १८९० च्या पुण्यात वाचणं वेगळं. इथे घरोघरी अशा मुली होत्या ज्यांचं मुंडण धर्म म्हणून केलेलं होतं. त्याच साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन, ही त्यांची विधवांसाठीची शाळा, मुंबईहून पुण्याला आणलं. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वाँटेजच्या भगिनी, म्हणजे तिथल्या नन, इकडे पुण्यात पंचहौदच्या मिशनमध्ये काम करत होत्या.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी मूळ भाषांतून मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ते छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये, केडगावला, आणि छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्यापासूनचं काम तिथल्या बायकांनी केलं. या सहाव्या वचनाचे खिळे जुळवणाऱ्यांत कोणी ना कोणी अशी असेल जिचं डोकं लहानपणी भादरलं होतं. मी जेव्हा हे वचन ऐकते तेव्हा मला ती बाई दिसते. तिच्यासाठी डोकं झाकणं ही शिक्षा होती, आणि केस वाढू देणं ही सुटका.

आणि बोलणाऱ्या बाईबद्दल वानवडीच्या ताईंनी लिहिलं ते तर केडगावनेच करून दाखवलं आहे. १९०५ च्या धार्मिक जागृतीत मुक्तीतल्या, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमातल्या, मुली मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, टोळ्या करून आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जात होत्या. पाचवं वचन तिथे पूर्ण वाचलं गेलं असं मला वाटतं.

वानवडीची
@केडगाव_माहेर, हे वाचून मी लेकीला मोबाइल दिला. तिने दोनदा वाचलं. पणजीचं 'अभद्र' तिला पटकन कळलं नाही, मग आलवण काय ते सांगावं लागलं. बराच वेळ गप्प होती.

खडकीचा_कोट्टयमवाला
आम्ही सिरियन ऑर्थोडॉक्स, माझा जन्म खडकीचाच. आमच्याकडे आई, बहीण, बायको सगळ्या डोक्यावर घेतात, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. आज्जी चट्टा-मुंडू (केरळच्या ख्रिस्ती बायकांचा जुना पांढरा पेहराव) नेसायची आणि चर्चला जाताना वरून पांढरी कवणी, म्हणजे ओढणीसारखं वस्त्र, घ्यायची. दोन-तीन तासांच्या उपासनेत ती कवणी मी कधी ढळलेली पाहिली नाही. पण माझी बहीण म्हणते, तिच्यासाठी तो वाद नाहीच, बूट बाहेर काढतो तसंच ते आहे. मला वाटतं जिथे सगळ्याच घेतात तिथे कोणी एकटी पडत नाही. तुमच्या मुलीला एकटं पाडलं गेलं, दुखलं ते तिथे.

जुनी_पेठ
अजून एक राहिलं. तुमची लेक अविवाहित आहे म्हणून लिहितो. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने कुमारिकांनी डोकं झाकावं यासाठी एक अख्खा निबंध लिहिला. लिहावा लागला, याचाच अर्थ तेव्हाही मंडळीतल्या मुली झाकत नव्हत्या आणि मोठ्या माणसांचं त्यावरून एकमत नव्हतं. आणि दहाव्या वचनाबद्दल: मूळ ग्रीकात शब्द आहे 'एक्सूसिया', म्हणजे अधिकार. भाषांतरांत 'अधिकाराचं चिन्ह' असं येतं, त्यातला 'चिन्ह' हा शब्द मुळात नाही. स्त्रीच्या मस्तकावर अधिकार असावा, एवढंच तिथे आहे. कोणाचा, यावर अभ्यासक आजही भांडतात. तिचा स्वतःचा, असं वाचणारेही पुष्कळ आहेत.

कँपातली
इंग्रजी चर्चमध्येही हॅटशिवाय यायचं नाही असाच दंडक होता. युद्धात कपड्यांचं रेशन झालं तेव्हा, १९४२ मध्ये, कँटरबरीच्या आर्चबिशपांनी सांगितलं की डोकं उघडं असलं तरी बायकांनी खुशाल यावं. दंडक सैल करता येतो. आधी बाईला आत तर येऊ द्या.

देहूरोडकर
मी थांबतो म्हणालो होतो, पण केडगावच्या ताईंचे वाचल्यावर पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, त्या मुलीला सांगा की मी लग्नाआधी कधी डोके झाकले नव्हते. मला हे एकतीस वर्षांत ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते. माझे मत बदललेले नाही, पण हे आपल्याला कळवावेसे वाटले.

वानवडीची
काका, काकूंना माझा सलाम सांगा. लेकीला सांगितलं.

आज मी त्या मावशींकडे गेले होते. फोन न करताच गेले, फोनवर शब्द भलतेच निघतात. त्यांनी चहा ठेवला. मी भांडायला आले असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या बसायला तयार नव्हत्या, ओट्यापाशीच उभ्या होत्या. मग मी लेकीने स्कूटरवर काय विचारलं ते सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला.

म्हणाल्या, लग्न होऊन सासरच्या गावी गेले तेव्हा पहिल्याच प्रभुभोजनाला मला रांगेतून मागे पाठवलं होतं. पदर घसरला होता. सगळ्यांसमोर. भाकर न घेता परत आले, आणि नंतर सहा महिने कठड्याशी गेले नाही. "तुझी पोरगी उघड्या डोक्याने निघाली, मला तेच दिसलं. वाटलं कोणीतरी हिला परत पाठवेल. म्हणून पळत आले." आमच्याकडे हल्ली कोणाला परत पाठवत नाहीत, हे त्यांना माहीत आहे. तरी पळत आल्या. ती ओढणी त्यांची स्वतःचीच होती, त्या दिवशी खांद्यावर होती ती.

मी त्यांना म्हटलं, मावशी, तिला आधी विचारायला हवं होतं. म्हणाल्या, हो गं. मलाही कोणी विचारलं नव्हतं.

वाचनाचंही बोलले त्यांच्याशी. पुढच्या महिन्यात महिला मंडळाच्या रविवारी दोन्ही वाचनं बायकांनी करावीत असं त्या पाळकसाहेबांना सांगणार आहेत, मीही सोबत जाणार आहे.

लेकीला घरी येऊन सगळं सांगितलं. ती डोकं झाकेल की नाही ते ती ठरवेल, मी विचारलं नाही. ओढणी तीन आठवडे आमच्याकडेच आहे. आज धुतली, जॉर्जेट म्हणून हलक्या हाताने, आणि लेसवर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली. रविवारी परत द्यायची आहे. मी पिशवीत घालत होते तर लेक म्हणाली, राहू दे, मी देते.